पदवीचे पैसे कंपनी भरेल, पण पदवी कोणती?

*ताई, मी वीस वर्षांची आहे. आत्याने बाबांसाठी केलेल्या फाइलवर आई-बाबा आणि मी दीड वर्षापूर्वी ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आलो. माझी बारावी सायन्स महाराष्ट्रात झाली. मला नर्सिंग करायचं होतं, अजूनही करायचं आहे. सध्या एका दुकानात कॅश काउंटरवर आठवड्याला पंचवीस तास काम करते. बाबा गोदामात आहेत, आई एका डे-केअरच्या स्वयंपाकघरात. दोघांचं मिळून वर्षाला ५५,००० डॉलरच्या आसपास उत्पन्न आहे. आतेभाऊ म्हणतो, स्टारबक्समध्ये लाग, ते पदवीची सगळी फी भरतात. बाबा म्हणतात, फुकट मिळत असेल तर कुठलीही पदवी घे, नर्सिंगचं नंतर बघू. आत्या म्हणते, काहीही कर, पण कम्युनिटी कॉलेजला जाऊ नकोस, तिथे कुठेच नंबर न लागलेली मुलं जातात. कर्ज काढायचं नाही, हे घरात पक्कं ठरलं आहे. मी काय करू?*

प्रिय मुली,

‘अजूनही करायचं आहे’ असं तू लिहिलंस आणि पुढच्या दोन-तीन ओळींत थेट स्टारबक्सवर पोचलीस. मी मात्र त्या ओळीपाशीच थांबणार आहे. पैसे कोण भरेल, हे घरात सगळे तुला सांगताहेत. तुला काय शिकायचंय, हे कुणी विचारल्याचं पत्रात दिसत नाही.

आधी आतेभावाचं बघू. तो सांगतो ते खरं आहे. स्टारबक्सने २०१४ साली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर ही योजना सुरू केली. आठवड्याला सरासरी वीस तास काम करून बेनिफिटला पात्र झालेला, हातात पहिली पदवी नसलेला कर्मचारी तिथली ऑनलाइन पदवी फी न भरता घेऊ शकतो, आणि पदवी झाल्यावर कंपनीत राहण्याचं बंधनही नसतं. पुस्तकांचा खर्च मात्र आपला. वॉलमार्टने २०१८ साली अशी योजना आणली तेव्हा कर्मचाऱ्याकडून दिवसाला एक डॉलर घ्यायचे. २०२१ साली तोही घेणं बंद केलं, आणि तिथे पुस्तकंही धरलेली आहेत. ॲमेझॉनची योजना २०१२ पासून आहे. बॅचलर्स पदवीचा त्यात समावेश झाला २०२२ साली, आणि नव्वद दिवस नोकरी झाली की ती लागू होते. टार्गेट ही दुकानांची साखळी अशी मदत नोकरीच्या पहिल्या दिवसापासून देते. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये तर यूपीएस या पार्सल कंपनीने १९९८ पासून स्थानिक कॉलेजांबरोबर असा करार केलेला आहे, की विमानतळावर रात्रपाळीत पार्सलं चढवणाऱ्या मुलांची फी भरली जाते आणि दिवसा ती मुलं वर्गात बसतात.

कंपन्या हे का करतात, तेही बाबांना सांग, कारण फुकट म्हटलं की त्यांच्या मनात थोडी शंका आणि थोडं ओझं असणार. काउंटरवरची आणि गोदामातली माणसं लवकर नोकरी सोडतात, आणि नवीन माणूस शोधून तयार करायला खर्च येतो. शिकणारी मुलगी पदवी होईपर्यंत टिकते. शिवाय केंद्रीय करकायद्यात अशी सोय आहे, की कंपनीने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर्मचाऱ्याला कर पडत नाही. हा आकडा १९८६ पासून तोच आहे. २०२६ नंतर तो महागाईप्रमाणे वाढवण्याची तरतूद २०२५ च्या कायद्याने केली. करमाफीच्या या आकड्यामुळेच बऱ्याच कंपन्यांची वार्षिक मर्यादाही नेमकी ५,२५० असते. त्यापेक्षा जास्त मिळालं तर वरची रक्कम सहसा तुझ्या पगारात धरली जाते आणि त्यावर कर कापला जातो. थोडक्यात, हा तुझ्या कामाचाच मोबदला आहे, दुसऱ्या रूपातला. तो घेताना कुणाच्या उपकाराखाली दबायचं कारण नाही.

आता तुझ्या बाबतीतली अडचण. नोंदणीकृत नर्स, म्हणजे आरएन, व्हायचं तर रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांजवळ उभं राहून क्लिनिकलचे तास पूर्ण करावे लागतात. ते लॅपटॉपवर होत नाहीत. कंपन्या जी फी पूर्ण भरतात ती बहुतेक ऑनलाइन पदव्यांची असते. त्या याद्यांमध्ये नर्सिंग हा शब्द दिसतोही, पण नीट वाचलंस तर तो अभ्यासक्रम आधीच आरएन असलेल्यांनी बीएसएन, म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची बॅचलर्स पदवी, करण्यासाठीचा निघतो. त्याच्या आसपास हेल्थ सायन्स, हेल्थकेअर मॅनेजमेंट अशी नावं असतात. त्या पदव्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या घेऊन नर्सच्या परवान्याच्या परीक्षेला, एनसीएलईएक्सला, बसता येत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून चार वर्षं देऊन बसलेल्या मुली आहेत, आणि ते त्यांना शेवटच्या वर्षात कळतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांचं ‘कुठलीही घे, नंतर बघू’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. या देशात मात्र ते महागात पडतं. इथली बहुतेक मोठी मदत पहिल्या पदवीसाठी असते. केंद्र सरकारचं पेल ग्रँट, ज्याची कमाल रक्कम २०२५-२६ साठी वर्षाला ७,३९५ डॉलर आहे आणि जे परत फेडायचं नसतं, ते बॅचलर्स पदवी हातात पडली की बंद होतं. स्टारबक्सची योजनाही पहिल्याच बॅचलर्ससाठी आहे. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला काउंटी कॉलेज म्हणतात, तिथली राज्याची मदतसुद्धा आधी पदवी नसलेल्यांनाच मिळते. म्हणजे आज मिळते म्हणून कुठलीही पदवी घेतलीस आणि पंचविसाव्या वर्षी नर्सिंगकडे वळलीस, तर तेव्हा हे तिन्ही दरवाजे बंद झालेले असतील, आणि घरात ज्याला सक्त मनाई आहे ते कर्ज तेव्हा काढावं लागेल. तुझी पहिली पदवी ही तुझ्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे, आणि ती एकदाच वापरता येते. ती नर्सिंगसाठीच वापर.

तर मग रस्ता कोणता? आत्याला जो आवडत नाही, तोच.

न्यू जर्सीत अठरा काउंटी कॉलेजं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नर्सिंगची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी मिळते. ती पूर्ण केली की एनसीएलईएक्सला बसता येतं, आणि पास झालीस की तू आरएन. चार वर्षांची बीएसएन केलेली मुलगीही हीच परीक्षा देते, आणि परवानाही हाच असतो. राज्याची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट नावाची योजना आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ६५,००० डॉलरच्या आत असेल आणि सेमिस्टरला निदान सहा क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं इथलं माप) घेतली असतील, तर पेल आणि राज्याची इतर मदत वजा जाता उरलेली फी ही योजना भरते. तुमच्या घरचं उत्पन्न या मर्यादेत बसतं. राज्यात वर्षभर राहणं झालेलं आहे, ग्रीन कार्ड आहे, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या मदतीला तू पात्र ठरतेस. आता विचार कर. ज्या फीसाठी तू एखाद्या कंपनीला आठवड्याचे वीस तास बांधून द्यायला निघाली होतीस, ती फी राज्य भरायला तयार आहे.

फीशिवायचे खर्च राहतातच. पुस्तकं, गणवेश, स्टेथोस्कोप, लसी, पार्श्वभूमीची तपासणी, शेवटी परीक्षेचे २०० डॉलर आणि परवान्याची फी. आणि क्लिनिकलला जायला गाडी, किंवा गाडी असलेली मैत्रीण. नोकरी तुला लागणारच आहे, फक्त ती फीसाठी शोधायची नाही.

आत्या म्हणते तसा गैरसमज आपल्या लोकांत खूप आहे, आणि तो कुठून येतो ते मला समजतं. आपल्याकडे कॉलेजचं नाव म्हणजे मार्कांची पावती असते. चांगल्या टक्क्यांना चांगलं कॉलेज, उरलेल्यांना उरलेलं. इथल्या काउंटी कॉलेजात कुणालाही प्रवेश मिळतो हे खरं, पण त्या कॉलेजच्या नर्सिंग विभागात कुणालाही मिळत नाही. जागा मोजक्या असतात. आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री असे विषय चांगल्या ग्रेडने पार करावे लागतात, बऱ्याच ठिकाणी प्रवेशपरीक्षा असते, आणि तरीही काही मुलींना एखादं वर्ष थांबावं लागतं. म्हणून ही दोन वर्षांची पदवी प्रत्यक्षात तीन वर्षांची होते, ते मनात धरूनच सुरुवात कर. आत्याशी वाद घालू नकोस. एकदा तिला राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर कॉलेजवार निकाल दाखव. पहिल्या प्रयत्नात किती टक्के मुलं एनसीएलईएक्स पास झाली, ते तिथे दिलेलं असतं. तुलाही कॉलेज निवडताना तोच आकडा बघायचा आहे. त्याबरोबर अभ्यासक्रमाला बोर्डाची मंजुरी आहे का, आणि एसीईएन या नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची किंवा त्या तोडीच्या संस्थेची मान्यता आहे का, तेही बघ. मान्यता नसेल तर पुढे बीएसएनला क्रेडिट धरून घेताना त्रास होतो.

आता नोकरी कुठे करायची? रुग्णालयात. कॅश काउंटर सोडून दे असं मी उद्यासाठी म्हणत नाही, पण पुढच्या वर्षभरात तिकडे सरक. काही आठवड्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून सीएनए होता येतं. तोही नको असेल, तर रुग्णांना व्हीलचेअरवरून नेणारे ट्रान्सपोर्टर, वॉर्डमधली नोंदणी, स्वयंपाकविभाग अशा जागा असतात. रुग्णालयं आणि त्यांच्या साखळ्या कर्मचाऱ्यांना शिकायला पैसे देतात, आणि नर्सिंगसाठी देताना हात आखडता घेत नाहीत, कारण नर्स त्यांनाच हव्या असतात. न्यूयॉर्कच्या बाजूला ११९९ एसईआययू ही मोठी आरोग्यसेवकांची संघटना आहे. तिच्या सदस्यांसाठी रुग्णालयांच्या पैशांतून चालणारा प्रशिक्षण निधीच आहे. अर्ज करताना तिथे संघटना आहे का, हे विचारायला संकोचू नकोस.

रुग्णालयात काम करण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो पैशांपेक्षा मोठा आहे. नर्सचं काम तुला खरंच झेपतं आणि आवडतं का, हे फी, वर्षं आणि उमेद खर्च होण्याआधी कळेल. आपण नर्सिंग म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर पांढरा गणवेश असतो. तिथे बेडपॅन आहे, रात्रीचे तीन वाजले असताना रागावलेला नातेवाईक आहे, बारा तास पायांवर उभं राहणं आहे. ते बघून ज्या मुलीला अजूनही हेच करायचं असतं, ती अभ्यासात अडली तरी सोडून देत नाही. आणि तुला ते नकोसं झालं, तर तेही लवकर कळलेलं बरं. मग आतेभावाचा स्टारबक्सचा रस्ता तुला मोकळा आहेच, कारण तुझी पहिली पदवी तेव्हाही शिल्लक असेल.

रुग्णालयाचे पैसे मात्र आत्ता असोसिएटच्या फीवर घालवायची घाई करू नकोस. ती फी राज्याकडून सुटतेय. त्यांचा खरा उपयोग आरएन झाल्यावर आहे. तेव्हा तुझा पगार आरएनचा असेल आणि रुग्णालयाच्या पैशांतून तू ऑनलाइन बीएसएन करशील. मोठी रुग्णालयं बीएसएनला प्राधान्य देतात, आणि नदीपलीकडे न्यूयॉर्क राज्यात तर २०१७ च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन करणं सक्तीचं आहे. तेव्हा बीएसएन कधी ना कधी करायचीच आहे. फक्त ती दुसऱ्याच्या पैशांनी, हातात परवाना असताना करायची.

नोकरी घेताना एचआरला काही गोष्टी स्पष्ट विचार, आणि उत्तरं तोंडी ऐकून समाधान मानू नकोस, नियमांचा कागद माग. पहिली गोष्ट, ते फी आधी भरतात की नंतर परत देतात? बऱ्याच ठिकाणी आधी तू भरायची, सेमिस्टर संपल्यावर निदान ‘सी’ किंवा ‘बी’ ग्रेड दाखवायचा, मग काही आठवड्यांनी पैसे हातात येतात. कर्ज न काढणाऱ्या घराला हे चार-पाच महिने पैसे अडकणं जड जातं. मग नोकरी सोडली तर काय? रुग्णालयांमध्ये दिलेले पैसे परत मागण्याची अट सर्रास असते, की पैसे घेतल्यापासून एक किंवा दोन वर्षं राहा, नाहीतर फेड. अट वाईट नाही, पण सही करण्याआधी ती माहीत हवी. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर सगळ्यात जास्त मुली अडखळतात: पात्रतेला किती तास लागतात, आणि ते तास ठरवतं कोण? पार्ट-टाइम नोकरीत वेळापत्रक मॅनेजरच्या हातात असतं. मंदीच्या महिन्यांत त्याने तुझे तास कमी केले आणि तू मर्यादेखाली गेलीस, तर तुझी काहीही चूक नसताना बेनिफिट जाऊ शकतं. म्हणून बदलत्या शिफ्टच्या नोकरीपेक्षा ठरलेल्या शनिवार-रविवारच्या शिफ्टची रुग्णालयातली नोकरी मला तुझ्यासाठी जास्त बरी वाटते. क्लिनिकल आठवड्याच्या मधल्या दिवसांत, बहुतेकदा सकाळी असतं. त्याला कुठल्याही मॅनेजरसाठी दांडी मारता येत नाही.

तासांचा विषय निघालाच आहे, तर कागद घेऊन एक हिशेब कर. इथे एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि निदान दोन तास घरचा अभ्यास धरतात. बारा क्रेडिट घेतलीस तर आठवड्याला छत्तीस तास झाले. त्यावर तुझे पंचवीस तास काम मिळवलं की एकसष्ट. यात प्रवास नाही, आईला मदत नाही, आजारपण नाही. आणि नर्सिंगचा अभ्यास निदान तासांत भागत नाही, इंग्रजीतून शिकण्याची सवय होईपर्यंत तर नाहीच. म्हणून सुरुवातीच्या सेमिस्टरला सहा ते नऊ क्रेडिट पुरेत. नर्सिंगचे मुख्य विषय आणि क्लिनिकल सुरू झालं की नोकरी सोळा तासांवर आण. पगारात थोडी घट होईल. ती घट म्हणजे तुझ्या शिक्षणाची खरी किंमत आहे, आणि ती घराने मिळून सोसायची आहे. हे बाबांशी आत्ताच बोल. सेमिस्टरच्या मध्यात भाड्याचा प्रश्न आल्यावर बोललीस तर तो संवाद राहणार नाही, भांडण होईल.

इथे दुसऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या विषयावर मला येणाऱ्या पत्रांत हीच चूक वारंवार दिसते. हे सगळं या मुलीला शक्य आहे ते ग्रीन कार्डमुळे. तुमची मुलं एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असतील तर त्यांना नोकरी करता येत नाही, त्यामुळे कुठल्याच कंपनीची अशी योजना त्यांच्या कामाची नाही. केंद्राची मदतही त्यांना मिळत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेल्या मुलांना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. बाहेरच्या दुकानात पदवीसाठी म्हणून लागलात तर पदवी राहील बाजूला आणि व्हिसा जाईल. कुणी ओळखीचा ‘चालतं’ म्हणाला तरी करू नका.

आता तुझी कामं. बारावीच्या गुणपत्रिकेचं इथल्या मान्य संस्थेकडून मूल्यांकन करून घे. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी. घराजवळच्या काउंटी कॉलेजच्या नर्सिंग विभागात प्रत्यक्ष जाऊन प्रवेशाच्या अटींचा कागद आण आणि पुढच्या सेमिस्टरला ॲनाटॉमीपासून सुरुवात करता येईल का, ते विचार. आणि या शनिवारी बाबांना शेजारी बसवून फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीसाठीचा केंद्राचा अर्ज, भरायला घे. तू चोवीस वर्षांखालची आणि अविवाहित आहेस, त्यामुळे त्यात आई-बाबांचं उत्पन्न द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्यांचं वेगळं खातं उघडावं लागतं. त्यांनी आपल्या नावाने संमती दिल्याशिवाय तुला एक डॉलरही मिळत नाही. कराचे कागद, सोशल सिक्युरिटी नंबर आणि त्यांचा फोन जवळ ठेव, कोड त्याच फोनवर येतो. फॉर्म भरून झाला की न्यू जर्सीच्या मदतीसाठीचे राज्याचे प्रश्न वेगळे येतात, तेही त्याच बैठकीत पूर्ण कर. ते अर्धवट राहिले तर फॅफ्सा पूर्ण असूनही राज्याचे पैसे अडतात.